हरणाऱ्याने टेबल का सोडायचे?

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या डोंबिवलीतल्या सभागृहात टेबल टेनिसच्या एकुलत्या एका टेबलाभोवती साधारण आठ जण जमलेले असतात. दोघे खेळत असतात, बाकीचे भिंतीला टेकून उभे असतात, आणि डाव संपला की हरलेला आपली बॅट काखेत मारून रांगेच्या शेवटी जातो. जिंकलेला जागचा हलत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही आणि तो कुणी ठरवला हेही कुणाला आठवत नाही; तरी नोकरीच्या बदल्यांमुळे ज्या चार-पाच गावांत मी हा खेळ खेळलो, त्या प्रत्येक ठिकाणी तो होताच. हा खेळ आपल्याकडे मोठ्या माणसांमध्ये रुजत नाही याची नेहमी जी कारणे सांगितली जातात, म्हणजे जागा नाही, टेबले नाहीत, शिकवणारे नाहीत, कुणाला वेळ नाही, ती खरी आहेत. पण त्या सगळ्यांच्या तोडीचे कारण हा न लिहिलेला नियम आहे असे माझे मत आहे, आणि लोकांच्या पैशांतून घेतलेल्या टेबलांवर, मग ते पैसे महापालिकेच्या कराचे असोत की सोसायटीच्या देखभाल शुल्काचे, तो चालू देऊ नये.

आधी थोडे गणित मांडतो, कारण या नियमाचा अन्याय नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दोन खेळाडूंमध्ये एक किंचित सरस आहे आणि तो दहापैकी सहा गुण घेतो असे धरू. हा फरक काही फार मोठा नाही. पाहणाऱ्याला दोघे तुल्यबळच वाटतील. पण डाव 11 गुणांचा असल्यामुळे गुणागुणांतला तो छोटा फरक साचत जातो आणि दहापैकी सहा गुण घेणारा दहापैकी आठ डाव जिंकतो. त्याने दहापैकी सात गुण घेतले, तर समोरचा पन्नास डावांत जेमतेम एखादाच डाव काढू शकतो. आता हे रांगेला लावून पाहा. आठ माणसे, एक टेबल, दोन तास, आणि चेंडू शोधण्यासह एका डावाला सहा मिनिटे, म्हणजे एकूण वीस डाव. सारखी वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच डाव यायला हवेत. प्रत्यक्षात सर्वांत चांगला खेळाडू सोळा-सतरा डाव टेबलावर असतो आणि उरलेल्या सात जणांना तीनेक डाव मिळतात. त्यातही जो खरोखर कच्चा आहे त्याचा डाव 11-3 असा चार मिनिटांत उरकतो. म्हणजे दिवसभर लोकलमध्ये चेंगरून घरी आलेला माणूस बूट बदलून दोन तासांसाठी खाली उतरतो आणि दहा-बारा मिनिटे खेळून परत वर जातो. महिनाभराने तो येईनासा होतो, आणि ‘लोकांना खेळाची आवडच नाही’ असे आपण म्हणून मोकळे होतो.

ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे त्याला सर्वांत कमी वेळ आणि ज्याला ती कमी आहे त्याला जवळजवळ सगळा वेळ, अशी ही व्यवस्था आहे. शाळेत कुणी अशी वाटणी केली असती तर पालकांनी मुख्याध्यापकांना घेराव घातला असता.

हा नियम आला कुठून, याचा अंदाज बांधता येतो. चाळीच्या गॅलरीत कॅरम खेळताना हरलेली जोडी उठते, आणि तिथे ते चालूनही जाते, कारण उठलेली माणसे बोर्डाच्या कडेलाच बसून असतात, पुढच्याच्या चुका काढतात, चहा पितात, पावडर टाकतात. उठले तरी ती खेळाच्या वर्तुळातच राहतात. टेबल टेनिसमध्ये उठलेला माणूस भिंतीशी जातो, आणि तिथून चेंडूला दिलेली फिरकी दिसत नाही, त्यामुळे समोर काय चालले आहे हेही त्याला धड कळत नाही. दुसरे असे की ही रीत पडली तेव्हा डाव 21 गुणांचा होता. 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने तो 11 गुणांवर आणला, पाच-पाच सर्व्हिसच्या जागी दोन-दोन आल्या, आणि दूरचित्रवाणीवर खेळ चटपटीत झाला. छोट्या डावामुळे दुबळ्याला चमत्कार घडवण्याची शक्यता थोडी वाढली हे खरे आहे, कारण 21 गुणांत तोच सहा-चारचा फरक दहापैकी नऊ डावांत निकाल ठरवीत असे. पण आमच्यासारख्यांची पाळी निम्म्याने आखडली. डाव बदलला आणि रांगेचा नियम मात्र जुनाच राहिला.

याला पर्याय शोधायला फार लांब जावे लागत नाही. आपल्या गल्लीतल्या खेळांत ‘कच्चा लिंबू’ नावाची एक सुंदर सोय होती. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य आणायचे नाही. त्याला वगळले असे होत नसे आणि मोठ्यांचा खेळही बिघडत नसे. अर्थात पन्नाशीच्या माणसाला कच्चा लिंबू व्हायला आवडत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण त्या सोयीत दया असते. लिंबाला कुणी हरवत नाही आणि तो कुणाला हरवूही शकत नाही. मोठ्यांसाठी तिचे सन्मान्य रूप म्हणजे आघाडी देऊन खेळणे. जुने खेळाडू ‘तुला पाच पॉइंट देतो’ म्हणत ती हीच पद्धत. वरच्याच गणिताने पाहिले तर दहापैकी सहा गुण घेणाऱ्याने समोरच्याला 4-0 अशी सुरुवात दिली की सामना जवळजवळ बरोबरीचा होतो, आणि दहापैकी सात घेणाऱ्याने 6-0 दिले तरच तो बरोबरीचा होतो. मग मात्र दोघांनाही खरोखर खेळावे लागते. कच्च्याला वाटते की दोन गुण आणखी काढले तर जिंकलो, आणि पक्क्याला पहिल्या सर्व्हिसपासून ढिलाई परवडत नाही.

आमच्या सभागृहात गेल्या वर्षी आम्ही काही जणांनी हे करून पाहिले. भिंतीवर एक कागद चिकटवला, कुणी कुणाला किती गुण द्यायचे ते पेन्सिलीने लिहिले (पेनाने लिहिले असते तर भांडणे झाली असती), आणि टेबल डावावर न सोडता घड्याळावर सोडले. एका जोडीला बारा मिनिटे. हरा, जिंका, नुसते फोरहँडचे फटके घोळवा किंवा एकाने सर्व्हिस करत राहा, त्या बारा मिनिटांत टेबल तुमचे. पहिला आठवडा कुरबुरीत गेला. मग एक गोष्ट लक्षात आली, जी मला स्वतःला अपेक्षित नव्हती: लोक सामने कमी आणि सराव जास्त करू लागले. कारण उघड आहे. हरलो की उठावे लागणार हे ठाऊक असताना कुणी नवा फटका मारून पाहत नाही. ज्याचा बॅकहँड कच्चा आहे तो बॅकहँडकडे आलेला चेंडूही पाय सरकवून फोरहँडने मारतो, नाहीतर नुसता ढकलून परत देतो, आणि अशी वर्षे काढतो. चूक करण्याची किंमत टेबलावरून हाकलले जाणे ही असेल, तर तुम्ही चूक टाळायला शिकाल. खेळायला शिकणार नाही.

सुधारणा म्हणजे नेमके काय, हे इथे जवळून सांगायला हवे, कारण ‘प्रॅक्टिस करा’ या सल्ल्याला काही अर्थ नसतो. मी शेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा बॅट हातात घेतली तेव्हा माझी सर्व्हिस म्हणजे चेंडू पलीकडे पोहोचवण्याची एक औपचारिकता होती. नियमाप्रमाणे चेंडू उघड्या, सपाट तळव्यावरून किमान 16 सेंटिमीटर वर उडवावा लागतो. मी तो बोटांत धरून बॅटवर जवळजवळ टेकवीतच होतो. आमच्याकडच्या एका ज्येष्ठ खेळाडूंनी मला एक काम दिले. पन्नास चेंडूंची पिशवी घ्यायची, सकाळी रिकाम्या सभागृहात यायचे आणि एकच सर्व्हिस करायची. चेंडू खाली येऊ द्यायचा, अगदी जाळीच्या उंचीपर्यंत. मग बॅट जवळजवळ आडवी करून त्याच्या तळाला घासून न्यायची, जणू चपातीखालून उलथणे सरकवतो तशी. चेंडू पलीकडच्या बाजूला दोन टप्पे घेऊन तिथेच घोटाळला पाहिजे. पहिल्या दिवशी पन्नासातले चार-पाच तसे पडले. तीन आठवड्यांनी निम्म्याहून जास्त पडू लागले, आणि एका संध्याकाळी मला नेहमी सहज हरवणाऱ्या तरुणाने ती सर्व्हिस सलग तीन वेळा जाळीत मारली. त्याच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळ हा माझ्या प्रौढ आयुष्यातल्या थोड्या निर्भेळ आनंदांपैकी एक आहे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. या सगळ्याला जोडीदार लागला नाही, प्रशिक्षक लागला नाही. लागले ते रिकामे टेबल आणि पन्नास चेंडू. आमचे सभागृह मात्र तोवर दिवसभर कुलूपबंदच असे, आणि ती किल्ली सकाळी अर्धा तास मिळावी म्हणून मला समितीला तीन अर्ज करावे लागले.

बॅटला लावायचे महागडे रबर हा यातला दुसरा भ्रम. नवखा माणूस हरायला लागला की बॅट बदलतो, आणि जितके वेगवान रबर तितके त्याचे चेंडू टेबलाबाहेर. याबद्दल एवढेच पुरे.

आता सरस खेळाडूंचा आक्षेप. तो खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. ‘मी सकाळी सहाला उठून व्यायाम करतो, वर्षानुवर्षे मेहनत केली आहे, माझी संध्याकाळ मी ज्याला सर्व्हिस परत देता येत नाही त्याच्यासमोर का घालवावी?’ केवळ आपल्यापेक्षा कच्च्या लोकांशी खेळून कुणीही सुधारत नाही, हे मान्यच करायला हवे. म्हणूनच घड्याळाच्या पद्धतीत दोन चांगल्या खेळाडूंना आपली बारा मिनिटे एकमेकांसोबत घेता येतात. पण ‘कच्चा’ आणि ‘निरुपयोगी’ यांत आपण गल्लत करतो. प्रत्येक सभागृहात एक पिंपल्सवाले, म्हणजे काटेरी रबराची बॅट वापरणारे, काका असतात. साठी ओलांडलेले, जागचे फारसे हलत नाहीत, बॅकहँडला लांब काट्यांचे रबर लावलेले, आणि तुम्ही दिलेली फिरकी उलटी करून तुमच्याच अंगावर पाठवणारे. क्लासमध्ये महिन्याला काही हजार भरून शिकलेली, एकसारखा देखणा टॉपस्पिन मारणारी पोरे त्यांच्यापुढे हमखास फसतात. ती वाईट खेळतात म्हणून नव्हे, तर त्यांनी आजवर आपल्यासारखेच खेळणारे पाहिलेले असतात म्हणून.

अनोळखी चेंडूची ही ताकद काय असते हे मुंबईने सर्वांत आधी पाहिले आहे. 1952 ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, आशियात भरलेली ती पहिलीच जागतिक स्पर्धा. त्या वेळी सगळे जग काटेरी रबराच्या बॅटने खेळत होते, चेंडूचा टपटप आवाज ऐकून फटक्याचा अंदाज घेत होते. जपानचा चष्मा लावणारा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. आवाज जवळजवळ नाही आणि वेग भलताच. युरोपातले मातब्बर गडी गोंधळून हरत गेले आणि सातो पुरुष एकेरीचा जगज्जेता झाला. अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर 2023 च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेतले घ्या. सुतीर्था आणि ऐहिका मुखर्जी या जोडीने उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या विश्वविजेत्या जोडीला चीनमध्येच हरवले आणि या स्पर्धेतले महिला दुहेरीतले भारताचे पहिले पदक आणले. दोघीही पश्चिम बंगालमधल्या नैहाटीच्या. त्यांच्या यशात वेगळ्या धाटणीच्या रबराचा वाटा होता हे सगळ्यांनी पाहिले. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते गाव. नैहाटी काय किंवा सिलिगुडी काय, महानगरे नसलेल्या या गावांनी राष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूंची रांग लावली, कारण तिथे हा खेळ पाड्यातल्या, म्हणजे आपल्या भाषेत मोहल्ल्यातल्या, क्लबांत आहे, आणि पाड्यातल्या क्लबात सगळ्या धाटणीची, सगळ्या वयाची माणसे खेळतात. सरस खेळाडूने पिंपल्सवाल्या काकांना बारा मिनिटे देणे हा परोपकार नाही. त्याला बाहेर कुठे विकत न मिळणारा सराव आहे.

दुहेरीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडे ती ‘टेबल कमी म्हणून चार जण’ एवढ्याच हेतूने खेळली जाते. बॅडमिंटनमध्ये किंवा टेनिसमध्ये पक्का खेळाडू कच्च्या जोडीदाराला कोपऱ्यात उभा करून बहुतेक चेंडू स्वतः घेऊ शकतो. टेबल टेनिसच्या दुहेरीत नियमानेच जोडीदारांना आळीपाळीने चेंडू मारावा लागतो. पक्क्याने मारला की पुढचा कच्च्यानेच मारायचा. त्यामुळे पक्क्याचे कसब हे स्वतः गुण मिळवण्यात राहत नाही. आपल्या जोडीदाराला परत मारता येईल असा चेंडू समोरून यावा, यासाठी आपण काय मारायचे याचा विचार त्याला करावा लागतो. खेळाच्या नियमांतच शेजारधर्म घातलेला दुसरा खेळ मला चटकन आठवत नाही. पक्का-कच्चा अशा जोड्या लावून दुहेरी खेळवणे ही म्हणूनच सोसायटीच्या वार्षिक स्पर्धेत ‘पुरुष एकेरी खुला गट’ घेण्यापेक्षा फार चांगली कल्पना आहे; त्या खुल्या गटाचा विजेता कोण होणार हे तसेही सगळ्यांना आधीच माहीत असते.

हा प्रश्न सार्वजनिक का आहे, ते आता स्पष्ट करतो. नऊ फूट बाय पाच फुटांचे टेबल आणि भोवती पाय हलवायला जागा एवढ्यात चार माणसे घाम गाळू शकतात, असा खेळ दाटीवाटीच्या शहरांसाठीच जन्मलेला आहे. त्यातून आपल्याकडे जून ते सप्टेंबर मैदाने चिखलात असतात. (पावसाळ्यात त्याचेही हाल होतातच: चेंडू 2.7 ग्रॅमचा, त्यामुळे पंखा बंद ठेवावा लागतो, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत रबर असे ओलसर होते की फिरकी नुसती घसरून जाते. नियमाने दर सहा गुणांनंतर टॉवेल वापरता येतो. आमच्याकडे तो टॉवेल पिळावा लागतो.) तरीही महापालिकांच्या क्रीडा संकुलांत काय दिसते? संध्याकाळी पाच ते आठ ही नोकरदारांना आणि शाळकरी मुलांना सोयीची एकमेव वेळ खासगी क्लासला भाड्याने दिलेली असते. क्लास वाईट नाहीत. मुले तिथूनच घडतात. पण चारही टेबले क्लासला गेली की फी न भरू शकणारा मुलगा, नुकतीच निवृत्त झालेली शिक्षिका आणि ऑफिसातून येणारा कारकून या तिघांसाठी त्या इमारतीत फक्त प्रेक्षकांचा बाक उरतो. सोसायट्यांमध्ये वेगळीच तऱ्हा. आमच्याकडे एका जुन्या समितीने ‘मुले टेबल खराब करतात’ म्हणून बारा वर्षांखालच्यांना बंदी केली होती, आणि हळदीकुंकवापासून सर्वसाधारण सभेपर्यंत प्रत्येक कार्यक्रमाला टेबल दुमडून कोपऱ्यात जायचे ते पंधरा-पंधरा दिवस तिथेच राहायचे.

जर्मनीतल्या बागांमध्ये आणि शाळांच्या अंगणांत सिमेंट-दगडाची पक्की टेबले असतात, ज्यांची जाळीसुद्धा लोखंडाची असते. मुले एका टेबलाभोवती गोल धावत, एकेक फटका मारत पंधरा-पंधरा जण खेळतात. तिथल्या क्लबांच्या साखळी स्पर्धा गावपातळीपर्यंत पोहोचलेल्या आहेत, आणि प्रत्येक नोंदणीकृत खेळाडूला त्याच्या निकालांवरून ठरणारा एक गुणांक असतो, त्यामुळे साठीच्या माणसालाही यंदा आपण किती पुढे सरकलो हे आकड्यात कळते. आपल्याकडे तसेच्या तसे आणा असे मी म्हणत नाही. वाऱ्याने चेंडू उडतो आणि आपल्या पावसात ती टेबले चार महिने पडून राहतील. पण प्रत्येक बागेत नगरसेवकांच्या निधीतून ती रंगीत लोखंडी ओपन जिमची यंत्रे बसवताना आपण हा विचार करत नाही, की त्या यंत्रावर माणूस एकटाच पाय हलवतो आणि त्याच खर्चाच्या काही भागात बसवलेल्या टेबलावर दोन अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलावेच लागते, निदान ‘लव्ह ऑल’ तरी म्हणावेच लागते.

‘हरेल तो उठेल’ या रीतीचीही एक बाजू आहे, आणि ती मांडणारे आमच्याकडे बरेच आहेत. रांगेत उभे राहण्याचा धाक असला की 9-9 वर हात थरथरतो, आणि तो थरथरणारा हात सांभाळायला शिकणे हाही खेळच आहे. घड्याळावर खेळणाऱ्यांचे सामने गुळमुळीत होतात असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. म्हणून शनिवारी आम्ही जुनी रीत ठेवली आहे, आणि शनिवारी गर्दीही असते. फक्त त्या गर्दीत आता असे चार-पाच चेहरे आहेत जे दोन वर्षांपूर्वी येणे सोडून गेले होते, आणि आठवड्याचे इतर दिवस टेबल मिळत असल्यामुळे ज्यांना शनिवारी हरून उठण्याचे फारसे दुःख होत नाही.

संकुले भाड्याने देताना महापालिका जो करार करते, त्यात विजेचे बिल कुणी भरायचे आणि भिंतीला खिळे ठोकायचे की नाही इथपर्यंत कलमे असतात. त्यात आणखी एक कलम घालायला फार मोठे धोरण लागत नाही: संध्याकाळी पाच ते आठ या वेळात चारपैकी एक टेबल क्लासबाहेरच्या नागरिकांसाठी मोकळे राहील, ते नाममात्र शुल्कात मिळेल, आणि त्यावरची पाळी निकालावर नव्हे तर घड्याळावर ठरेल. सोसायट्यांना तर करारही लागत नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव, भिंतीवर एक कागद आणि पेन्सिल पुरते. सकाळची किल्ली कुणाकडे राहील, एवढे मात्र त्याच सभेत ठरवून घ्यावे.